यवतमाळच्या रुळांचे सांधे

यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेज विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाली ती वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीची ही 113 किलोमीटरची लाइन पुढे लोकांची ‘शकुंतला’ झाली. तिचे रूळ फिशप्लेट आणि बोल्टांनी जोडलेले. उन्हाळ्यात लोखंड वाढतं म्हणून सांध्यात फट ठेवायची. त्या फटीवर चाक आदळून रुळाची टोकं बसायची, बोल्टच्या भोकांना तडे जायचे. गाडी हलकी नि हळू, म्हणून निभावलं. शकुंतलेवर जीव टाकणारे पुष्कळ. ते बोल्ट आवळत फिरलेल्या गँगमनची आठवण मात्र क्वचितच निघते.

गंमत अशी, की ती धावू लागण्याआधीच, 1899 मध्ये, जर्मनीत एसेनला ट्रामचे रूळ थर्मिट वेल्डने जोडून झाले होते.

28 फेब्रुवारी 2024 ला यवतमाळकडे येणारी वर्धा–कळंब ब्रॉडगेज सुरू झाली. आजच्या ब्रॉडगेज रुळाचं पोलाद चौरस मिलिमीटरला किमान 880 न्यूटन ताण सोसतं. पण हा आकडा अखंड रुळाचा. वेल्डने जोडलेल्या सांध्याला तो आपोआप लाभत नाही. या पोलादात कार्बन 0.6 ते 0.8 टक्के. वेल्ड झटकन निवला तर ते काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. उलट उष्णता जास्त मुरली तर वेल्डच्या दोन्ही बाजूंना मऊ पट्टा राहतो आणि चाकांखाली तिथे खळगा पडतो.

थर्मिटमध्ये लोहभस्म आणि ॲल्युमिनियम यांच्या अभिक्रियेतून निघालेला रस साच्यात ओततात. म्हणजे सांधा ओतीव: दाणा जाड, कधी आत हवेचे बुडबुडे, कधी मळी. रुळाची टोकं आधी नीट तापवली नाहीत किंवा साच्यात ओल राहिली, तर दोष आतच लपतो. म्हणून या वेल्डची अल्ट्रासॉनिक तपासणी होते, शिवाय आधाराला फुगीर फिशप्लेटही बसवतात. दुसरी पद्धत फ्लॅश बट: तिच्यात विजेने टोकं वितळवून दाबाने एकमेकांत रुतवतात. वितळलेला भाग बाहेर फेकला जातो, बाहेरचा धातू लागत नाही. असा सांधा वारंवारच्या ताणाला थर्मिटपेक्षा जास्त टिकतो. माझं मत विचाराल तर थर्मिट शक्य तितकं टाळावं. पण फ्लॅश बटला अवजड यंत्र लागतं, थर्मिटचं सामान चार माणसं उचलून नेतात. दुरुस्तीच्या जागी, दोन गाड्यांमधल्या वेळात, अजून तेच कामी येतं. कळंबपुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद करत ही ब्रॉडगेज नांदेडला जायची आहे; तिथेही हे सांधे लागणारच.