अकरा महिन्यांचं घर, बारा महिन्यांनी दिवाळी

भिंतीला खिळा ठोकायचा नाही, रांगोळीला दारात जेमतेम दोन फरशा आणि गॅलरीत पाऊल ठेवायलाही जागा नाही. अशा भाड्याच्या वन बीएचकेत दिवाळी 'घरची' वाटू शकते? आणि घरचेच तुमच्याकडे दिवाळीला आले तर?

गणित अगदी साधं आहे. भाड्याच्या घराचं अॅग्रीमेंट ११ महिन्यांचं असतं आणि दिवाळी येते १२ महिन्यांनी. मधे अधिक महिना घुसला तर आणखी उशिरा. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, पुढच्या वर्षी अधिक श्रावण आला आणि ते थेट १२ नोव्हेंबरला गेलं. म्हणजे काय, तर एका अॅग्रीमेंटमध्ये दोन दिवाळ्या बसतच नाहीत! दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर ओनरचा फोन येतो, भाडं वाढतं किंवा आपण खोके बांधायला घेतो. (हा ११ चा फंडाही गंमतशीर आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा कमी मुदतीचा भाडेकरार रजिस्टर करायची सक्ती नव्हती, म्हणून ११ महिने. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी कम्पल्सरी केली, तरी आपली सवय काही सुटली नाही.)

त्यामुळे आपल्यासारख्यांच्या होम डेकोरचा पहिला नियम असा, की जे काही घ्याल ते एका खोक्यात मावलं पाहिजे. माझ्याकडे असा एक खोका आहे. त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात 'दिवाळी' लिहिलंय आणि पाच वर्षांत तो तीन घरं फिरलाय. त्यात एक घडीचा कंदील, दोन लाइटच्या माळा, पणत्या, रांगोळीची चाळणी आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड एवढा ऐवज आहे. एक्स्टेन्शन बोर्डाला कमी लेखू नका. गॅलरीत प्लग पॉइंट देणारा बिल्डर मला अजून भेटायचाय.

कंदिलाचं राजकारण

दिवाळीचं घर लांबून ओळखू येतं ते कंदिलामुळे. बांबूच्या कामट्या, त्यावर खळीने चिकटवलेला घोटीव कागद, खाली झिरमिळ्या आणि आत पिवळा बल्ब, हा झाला ओरिजिनल पीस. मुंबईकरांना यासाठी माहीमची कंदील गल्ली आहे. पुण्यात आपण मंडई-तुळशीबागेत घुसायचं आणि गर्दीने जिथे बाहेर काढलं तिथे खरेदी करायची! २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, त्यानंतर कागद, कापड आणि बांबूने बाजारात चांगलीच उचल खाल्लीये. सध्या खणाच्या कंदिलाची चलती आहे. खणाचा कंदील, खणाचं तोरण, खणाची डायरी, खणाचं मोबाइल कव्हर... मला विचाराल तर खण ब्लाउजवरच शोभतो. पण त्या कंदिलाची घडी होते आणि तो पुढच्या घरात नेता येतो, म्हणून त्याला माझे पूर्ण मार्क.

आमचे ओनर सज्जन आहेत, फक्त खिळ्यावर त्यांचा राग आहे. अॅग्रीमेंटमध्ये खिळ्यासाठी वेगळं कलम आहे. ते वाचल्यावर मी ग्रिलला वायर बांधून कंदील लटकवायला शिकले. तोरणासाठी चिकटवायचे हुक मिळतात, ते काढायच्या आधी हेअर ड्रायरने जरा गरम केले तर रंगाचा पोपडा निघत नाही. ही टिप फुकट!

बाकी 'लूक'चं म्हणाल तर गेल्या काही वर्षांत सगळ्यांचीच घरं एका माळेत बसल्यासारखी दिसायला लागली आहेत. वॉर्म व्हाइट लाइट, बेज कुशन, झेंडू आणि टीपॉयवर पितळी उरळी. उरळी म्हणजे आतापर्यंत आपल्यासाठी सोलापूर रोडवरचं गाव होतं, उरुळी कांचन! केरळात या भांड्यात पायसम शिजतं, विशूला कणी मांडली जाते. आपण त्यात पाणी भरून चार पाकळ्या आणि तरंगत्या मेणबत्त्या सोडतो आणि फोटो काढतो. माझ्याकडेही आहे एक, खोट्या पितळेची. त्याबद्दल पुढे येईलच.

यंदा तुम्हीच या

गेल्या वर्षापर्यंत हा सगळा थाट धनत्रयोदशीच्या आदल्या रात्रीपर्यंतच असायचा. मग घराला कुलूप घालून आम्ही दोघी फ्लॅटमेट्स आपापल्या गावी. ती अकोल्याला, मी सांगलीला. मुळात पुण्यातलं घर सजवायचं ते फोटोपुरतं, खरी दिवाळी गावभागातल्या आमच्या जुन्या घरात. तिथे अंगण आहे, तुळशीवृंदावन आहे आणि बाहेरच्या भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघही आहे. दर दिवाळीला भिंतीला चुना लागतो, पण बाबा ती रेघ झाकू देत नाहीत.

गेल्या वर्षी मात्र बाबांचा गुडघा बदलायचं ऑपरेशन पुण्यात ठरलं, तेही नवरात्र संपता संपता. पुढचे पाच-सहा आठवडे फिजिओथेरपी. म्हणजे लग्नानंतर पहिल्यांदाच आई सांगलीबाहेर दिवाळी करणार होती, तीही माझ्या कर्वेनगरच्या वन बीएचकेत. 'यंदा तुम्हीच या', हे फोनवर म्हणायला मस्त वाटलं. फोन ठेवला आणि टेन्शन आलं. देव कुठे बसवायचे? बाबांना बेडरूम दिली तर वर्क फ्रॉम होमवालं टेबल कुठे? आणि मुख्य म्हणजे, आपलं घर आईला 'घर' वाटेल का?

आई आली ती दोन बॅगा घेऊन. एका बॅगेत खाली ऑपरेशनची फाइल, त्यावर चकलीच्या भाजणीचा डबा आणि सगळ्यात वर पितळी सोऱ्या. "अगं, इथे ऑनलाइन दहा मिनिटांत सगळं मिळतं," मी म्हटलं. "सोऱ्या मिळत असेल. पण त्याच्यातून माझ्या चकल्या येतील का?" विषय संपला.

पहिल्याच संध्याकाळी मी कौतुकाने सगळे दिवे लावले. वॉर्म व्हाइट, डिम, एकदम मॅगझिनच्या पानासारखं. आईने दोन मिनिटं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. हॉटेलात आल्यासारखं वाटतंय. आता मोठा दिवा लाव, बाबांना ताटातली कोशिंबीर दिसत नाहीये."

सोफ्याखालची धूळ आणि इतर शोध

आपण ज्याला 'डिक्लटरिंग' म्हणतो त्याला आई 'आवरणं' म्हणते आणि ते चार दिवस चालतं. माझं किचन तिने उलटं केलं. एक्स्पायरी डेट उलटलेले पाच सॉस निघाले. कॉफी टेबल बुक म्हणून मी मांडलेलं आर्किटेक्चरचं जाडजूड पुस्तक बाबांच्या पायाखाली गेलं (फिजिओने पाय उंचावर ठेवायला सांगितला होता, आणि उंची अगदी बरोबर होती). त्याच्या जागी टीपॉयवर दिवाळी अंक आले. गंमत बघा, १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घराला स्वतःचं कॉफी टेबल बुक आहेच की! दुपारी फरशीवर उताणं पडून अंक वाचणारी आई बघितली आणि हॉलची सजावट पूर्ण झाल्यासारखी वाटली.

मग आला केरसुणीचा प्रश्न. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळद-कुंकू वाहायचं असतं. माझ्याकडे कुंचा नव्हता, झाडू नव्हता, होता तो चार्जिंगवाला व्हॅक्यूम क्लीनर. "याला वाहू का हळद-कुंकू?" आईने अगदी निरागसपणे विचारलं. शिंदीच्या केरसुणीसाठी शेवटी मंडई गाठली. येताना पणत्या घेतल्या, लाह्या-बत्तासे घेतले. एक सांगते, नव्या मातीच्या पणत्या आणल्या की आधी काही तास पाण्यात बुडवून ठेवा, मग वाळवा. नाहीतर निम्मं तेल पणतीच पिऊन टाकते. हे मला कुठल्याही रीलने सांगितलं नव्हतं.

आणि उरळी? आईने तिच्यातल्या पाकळ्या काढल्या, पाणी ओतून दिलं आणि त्यात चिवड्याचे पोहे परतून ठेवले. "एवढं पसरट भांडं रिकामं का ठेवलंयस?" खोटं पितळ चिवड्याने सार्थकी लागलं.

बाबांचं काय, तर वॉकर घेऊन लिफ्टने पार्किंगमध्ये उतरायचं आणि खुर्ची टाकून बसायचं, हा त्यांचा कार्यक्रम. पार्किंगच्या कोपऱ्यात सोसायटीच्या पोरांचा किल्ला चालू होता. दोन गोणी माती, विटा आणि उगवायला टाकलेले हळीव. कुठला किल्ला ते पोरांचं ठरलं नव्हतं. बाबांनी ठरवलं, पन्हाळा! मग तीन दरवाजा कुठे, अंधारबाव कुठे, सज्जाकोठी कुठल्या कड्यावर, याच्या सूचना खुर्चीतून सुटायला लागल्या. मी दोन वर्षं या बिल्डिंगमध्ये राहते, मला शेजारच्यांची आडनावंसुद्धा फक्त लेटरबॉक्सवरून माहीत. बाबांना तीन दिवसांत बारा पोरांची नावं पाठ झाली होती आणि त्यांच्या आया आमच्याकडे फराळाची ताटं घेऊन यायला लागल्या. मला वाटतं होम स्टाइलच्या पुस्तकांत 'पार्किंगमध्ये एक खुर्ची टाका' असं एक चॅप्टर हवं.

सांगलीचा अंधार

सगळं मजेत चाललं होतं, पण आई मधूनच गप्प होत होती. वसुबारसेच्या रात्री भांडी पुसता पुसता तिने सांगून टाकलं. "घरात अंधार असेल गं." चाळीसेक वर्षांत त्या घराला दिवाळीत कुलूप लागलं नव्हतं. पूर आला त्या वर्षीसुद्धा गाळ उपसून, भिंती ओल्या असताना, दारात पणती लागली होती. आणि या वर्षी काही झालेलं नसताना, सगळे धडधाकट (गुडघा सोडून) असताना, घर काळोखात.

मी म्हटलं, टायमरवाला स्मार्ट बल्ब लावून घेऊ, इथून मोबाइलवरून चालू होईल. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय बंद केला. तिचं उत्तर तयारच होतं, फक्त शेजारच्या काकूंना सांगायचा संकोच होता. त्यांच्या स्वतःच्या घरची गडबड, त्यात आपलं काम कशाला? शेवटी बाबांनी फोन लावला. काकू म्हणाल्या, "किल्ली आहेच की माझ्याकडे. तुम्ही फोन केला नसतात तरी लावणारच होते मी."

नरकचतुर्दशीला पहाटे पाचला आईने उठवलं. तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरवर तीन माणसांचं अभ्यंगस्नान कसं झालं हे एक वेगळं फीचर होईल. उटणं लागलं, बाथरूमच्या दारात पणती लागली. कारीट फोडायला अंगण नव्हतं, म्हणून ते गॅलरीत, वॉशिंग मशिनच्या शेजारी फुटलं. मी गेल्या कित्येक वर्षांत या शहरातली ती वेळ जागेपणी बघितली नव्हती. समोरच्या बिल्डिंगमध्ये एकेक खिडकी उजळत होती. कुठे वॉर्म व्हाइट, कुठे लाल-हिरवी झगमग, आणि त्या झगमगीला मी इतकी वर्षं नावं ठेवत आले होते. पहाटे पाचला ती मस्तच दिसते.

लक्ष्मीपूजनाला आईने पाटावर केरसुणी, लाह्या-बत्तासे मांडले आणि मग माझा लॅपटॉप मागितला. "तुझी चोपडी हीच ना?" लॅपटॉपला हळद-कुंकू लागलं. मी हात जोडले आणि मनातल्या मनात तीन पेंडिंग इन्व्हॉइसेसची नावं घेतली. (दोन आली. तिसऱ्याचं अजून 'अकाउंट्सला पाठवलंय' चालू आहे.)

सातच्या सुमाराला काकूंचा व्हिडिओ कॉल आला. आधी नुसतं त्यांचं कपाळ दिसलं, मग जिना, मग आमचं दार. कुलूप काढलेलं, उंबऱ्यावर दोन्ही बाजूंना पणत्या, दारात पाच ठिपक्यांची रांगोळी. कॅमेरा हलला आणि क्षणभर भिंतीवरची ती पुराची रेघ पिवळ्या उजेडात दिसली. बाबा खुर्चीत सरसावून बसले. आईने फोन डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "अहो, डावीकडच्या पणतीत तेल कमी घातलंय हो." पलीकडून काकूंचं हसू ऐकू आलं. मग आई आत गेली आणि चकल्यांचं शेवटचं घाणं काढलं.

तुळशीच्या लग्नाला दोघं सांगलीला परत गेले. निघायच्या दिवशी मी बॅगा भरत होते, सगळं मोजून ठेवलं, पण भाजणीच्या रिकाम्या डब्याशेजारी सोऱ्या दिसेना. तो किचनच्या वरच्या कप्प्यात होता, पेपरात गुंडाळून, साच्यांसकट. खाली आणायला लागले तर आई म्हणाली, "राहू दे तिथेच. दर वेळी कोण एवढं जड उचलून आणणार?"