तोंडाला रुमाल बांधला की झालं?

2017च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि 20हून अधिक जणांचा जीव गेला. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली होती. दाट ओळींतून चालताना फवारा पिकावर पडायचा तेवढाच फवारणाऱ्याच्या तोंडावर-छातीवरही यायचा. त्यानंतर प्रशिक्षणं झाली, संरक्षक किट वाटली गेली. पण बांधावरच्या काही समजुती जागच्या हलल्या नाहीत. बहुतेकींच्या मुळाशी एकच भरवसा आहे: विष अंगात गेलं तर आपल्याला कळेलच.

गैरसमज : विष नाकातोंडातून जातं, रुमाल बांधला की पुरे.
वस्तुस्थिती : फवारणीत सर्वाधिक विष जातं ते त्वचेतून, आणि तेही सगळीकडून सारखं नाही. पॅराथिऑन या कीटकनाशकाच्या जुन्या चाचण्यांत हाताच्या कोपर ते मनगट या भागाच्या तुलनेत वृषणाच्या त्वचेतून सुमारे 12 पट जास्त विष शोषलं गेलं होतं. पाठीवरचा पंप झाकणापाशी गळतो, ओघळ कंबरेतून खाली उतरतो आणि ओली पॅन्ट दिवसभर अंगावरच वाळते. नोझल तुंबलं की ते तोंडाने फुंकायचं, त्याच हाताने खर्रा मळायचा, हे वेगळंच. भिजलेला रुमाल तर विष नाकाशीच धरून ठेवतो.

गैरसमज : वास जितका उग्र, तितकं औषध जहाल.
वस्तुस्थिती : वास बऱ्याचदा द्रावकाचा असतो. जहालपणा कळतो तो डब्यावरच्या चौकोनातल्या रंगावरून. लाल अतिशय विषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा, हिरवा. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक लाल गटातलं. हिरवा रंगही निर्धोकपणाचा दाखला नव्हे. धोका त्यातल्या त्यात कमी, एवढाच त्याचा अर्थ.

गैरसमज : इतकी वर्षं फवारतोय, काही झालं नाही, अंगाला सवय झाली.
वस्तुस्थिती : ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं शरीरातलं कोलिनएस्टरेज हे विकर निकामी करतात. नसेकडून स्नायूला गेलेला संदेश थांबवणं हे त्याचं काम. ते खूप घटलं की घाम, लाळ, अंधुक दिसणं, जुलाब, स्नायू फडफडणं आणि शेवटी श्वास अडकणं. ही घट भरून यायला कित्येक आठवडे लागतात. मालक आपल्या शेतात अधूनमधून फवारतो, मजूर मात्र हंगामात रोज नव्या शेतात. त्याची तूट भरण्याआधीच वाढते आणि एखाद्या साध्या दिवशी तो कोसळतो. ही घट रक्ततपासणीत आधीच दिसू शकते.

गैरसमज : दोन-तीन औषधं आणि टॉनिक एकत्र मारलं की काम लवकर होतं.
वस्तुस्थिती : प्रोफेनोफॉस (तेही ऑरगॅनोफॉस्फेटच) आणि सायपरमेथ्रिन या कीटकनाशकांचंच घ्या. सायपरमेथ्रिनचा निचरा करणारी शरीरातली विकरं प्रोफेनोफॉस रोखून धरतं. मग दोन्हींचा मारा नुसत्या बेरजेपेक्षा जड पडतो. उपचारही अवघड होतात. ऑरगॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत अॅट्रोपिन उपयोगी पडतं, डायफेन्थियुरॉन या कीटकनाशकावर मात्र खास उतारा नाही. म्हणून रुग्णासोबत वापरलेल्या प्रत्येक औषधाचं लेबल दवाखान्यात न्यावं.

गैरसमज : त्रास झाला तर दूध पाजा, मीठपाणी देऊन उलटी काढा.
वस्तुस्थिती : त्वचेतून गेलेलं विष उलटीने कसं निघेल? पोटात गेलं असलं तरी उलटीसोबत द्रावक फुप्फुसात शिरण्याची भीती असते. आधी कपडे उतरवा, केस आणि नखांसकट अंग साबण लावून भरपूर पाण्याने धुवा, डोळ्यांत गेलं असेल तर 15 मिनिटं साधं पाणी सोडत राहा. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका आणि दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्समधलं विष माहिती केंद्र 1800 116 117 या क्रमांकावर सल्ला देतं.

गैरसमज : धोका फवारणाऱ्यालाच, घरच्यांना नाही.
वस्तुस्थिती : फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकले की ते विष धुणारीच्या हाताला आणि लेकरांच्या कपड्यांना लागतं. रिकामा डबा कितीही विसळला तरी घरात वापरायचा नाही. 2013 साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातल्या तेलात, बहुधा अशाच डब्यातून, मोनोक्रोटोफॉस गेलं आणि 23 मुलं दगावली.

आणि शेवटचा गैरसमज बांधावर उभ्या असलेल्यांचा : मजूर काळजीच घेत नाहीत. भादव्याच्या उकाड्यात प्लॅस्टिकचा कोट घालून दिवसभर पंप वाहून पाहिला की किट का उतरतं ते कळतं. फवारणी सकाळच्या गारव्यात उरकणं, वारा पाठीशी ठेवणं, गळका पंप बदलणं, शेतात साबण-पाण्याची सोय ठेवणं आणि गरज नसलेली फेरी टाळणं ही कामं मजुराच्या हातात क्वचितच असतात. औषध कोणतं आणायचं, हे मालक आणि कृषी केंद्रवालाच ठरवतात. म्हणून काळजीची सुरुवातही दुकानाच्या काउंटरवरच व्हायला हवी.