शालेय संशोधन-निबंधांचे विषय आणि खानदेशची बोली

जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांतील माध्यमिक शाळांतून विद्यार्थी जे संशोधन-निबंध अथवा प्रकल्प लिहितात, त्यांच्या विषयांची एक ठराविक मालिका बनून गेली आहे, हे अशा वह्या चाळणाऱ्या कोणाच्याही ध्यानात येईल. बहिणाबाई चौधरी, साने गुरुजी, केळीची लागवड, फैजपूरचे काँग्रेस-अधिवेशन, कानबाईचा उत्सव, पाटणादेवी व भास्कराचार्य, आणि अहिराणी बोली: या सातांपैकी एखादा विषय नाही अशी वह्यांची चळत क्वचितच हाती येते. विषय वाईट आहेत असे मुळीच नव्हे. आपल्या प्रांताविषयी लिहावे अशी मुलांची ओढ त्यांतून दिसते आणि ती स्तुत्यच आहे. परंतु ही सारी नावे आहेत, प्रश्न नव्हेत. आणि संशोधनाला आरंभ होतो तो नावापासून नव्हे, प्रश्नापासून.

नाव घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला पुस्तकातील अथवा महाजालावरील मजकूर उतरवून घेण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. साने गुरुजींवरील निबंध घ्या. तो पालगडला सुरू होतो, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’पाशी रेंगाळतो आणि ११ जून १९५० या दिवशी संपतो. १९२४ ते १९३० या काळात गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तेथील छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत होते. खानदेशच्या विद्यार्थ्याला जवळचा असा हाच भाग, आणि त्याच्या वाट्याला दोन ओळी येतात. फैजपूरचे तसेच. डिसेंबर १९३६ मधील ते अधिवेशन खेड्यात भरलेले पहिले काँग्रेस-अधिवेशन होते आणि पंडित नेहरू अध्यक्ष होते, एवढे प्रत्येक वहीत असते. फैजपूरच्या जुन्या घरांतून त्याची कोणती आठवण उरली आहे, हे विचारावयास कोणी जात नाही.

त्या मानाने केळीवरील प्रकल्प पुष्कळ सरस असतात, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. रावेर-यावलकडचा मुलगा बापाच्या बागेत उभा राहून घड मोजतो, पाणी किती दिवसांनी दिले ते लिहून ठेवतो, भावाचे आकडे आठवडाभर टिपतो. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले हे वाक्य तो इतरांसारखेच उतरवतो, पण पुढील चार पाने त्याची स्वतःची असतात. तरी याच वह्यांत एक मोठे धन दुर्लक्षित पडलेले दिसते. मृगबाग, कांदेबाग, नवती, पिलबाग हे शब्द मुलगा जाता जाता वापरतो आणि त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही. पावसाळ्याच्या तोंडी लावलेली ती मृगबाग, पावसाळा सरताना लावलेली ती कांदेबाग; पहिल्या लागवडीचा माल नवती, आणि त्याच कंदाच्या पिलांवर धरलेली पुढील बाग ती पिलबाग. एका पिकाभोवती एवढी नेमकी परिभाषा शेतकऱ्याने कोणा भाषातज्ज्ञाच्या साहाय्यावाचून घडविली आहे. तिचा संग्रह हाच एक उत्तम निबंध होईल.

पाटण्याविषयीही थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. चाळीसगावजवळील पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला आणि निकुंभ राजांनी त्यास दान दिले, असा त्याचा आशय आहे. विद्यार्थी येथून थेट ‘लीलावती’कडे धाव घेतात. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात असला, तरी दानाचा व्यावहारिक तपशील सांगताना शेवटी तो मराठीकडे वळतो, याची दखल मात्र वहीत सहसा आढळत नाही. राजाची वंशावळ संस्कृतात आणि कोणी काय द्यावयाचे ते मराठीत, अशी ही वाटणी आहे. ज्याला द्यावयाचे त्याला ते समजले पाहिजे, हे त्या लेखकाला आठशे वर्षांपूर्वी कळत होते.

आता अहिराणीकडे वळू. या विषयावरील निबंधाचे पहिले पान बहुधा व्युत्पत्तीत खर्ची पडते. अहिराणी म्हणजे अहिरांची, आभीरांची बोली. खानदेश म्हणजे फारुकी खानांचा देश, की कान्हदेश, की आणखी काही, अशा तीन-चार मतांची ओळ लागते. त्यांपैकी कोणते ग्राह्य हे ठरविण्याचे कोणतेही साधन आठवीच्या विद्यार्थ्यापाशी नसते. दुसऱ्या पानावर ‘अहिराणीची वैशिष्ट्ये’ येतात आणि तेथे दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात: ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणजे डोळा हा ‘डोया’ आणि काळा हा ‘काया’, आणि ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणतात. तिसऱ्या पानावर उदाहरण म्हणून बहिणाबाईंची गाणी येतात.

येथेच सारा घोटाळा आहे. ‘डोया’ आणि ‘मले’ ही रूपे अहिराणीत आहेत हे खरे. पण ती वऱ्हाडीतही आहेत आणि जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातील लेवा गणबोलीतही आहेत. जे लक्षण तीन बोलींत सारखेच आढळते त्यावरून त्यांपैकी एक ओळखता येत नाही. बहिणाबाई १८८० साली जळगावनजीकच्या आसोद्यात जन्मल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने निघाली. त्यांची भाषा ही त्या परिसरातील लेवा समाजाची बोली होय, अहिराणी नव्हे. ज्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचे नाव आहे, त्याच्या परिसरातील वह्यांतून तरी हा भेद सांभाळला जावा, अशी अपेक्षा अवाजवी ठरू नये.

मग अहिराणी ओळखावी कशी? दोन खुणा विद्यार्थ्यालाही सहज पकडता येतात. पहिली षष्ठीची. मराठीत ‘माझा, तुझा, रामाचा’. अहिराणीत ‘मना, तुना, रामना’. लेवा गणबोलीत संबंध दाखविणारा प्रत्यय मराठीप्रमाणे ‘चा-ची-चे’ हाच आहे. दुसरी खूण क्रियापदाची. अहिराणी माणूस ‘मी करस, तू करस, तो करस’ म्हणतो आणि अनेकवचनी ‘करतस’ म्हणतो. या रूपात केवळ ‘स’ येतो एवढेच नाही. मराठीत ‘तो करतो’ आणि ‘ती करते’ असा लिंगभेद क्रियापदात उतरतो. अहिराणीत ‘तो करस’ आणि ‘ती करस’ एकच. शिवाय एकवचनात तिन्ही पुरुषांना एकच रूप पुरते. उच्चारातील फेरफार गावोगाव बदलतो आणि शेजारच्या बोलीतून सहज उसना येतो. क्रियापदाची अशी घडण सहजासहजी उसनी येत नाही. म्हणून भाषाशास्त्रज्ञ ‘डोया’पेक्षा ‘करस’ला अधिक वजन देतात.

याच घडणीमुळे अहिराणीचे कूळ कोणते हा वाद उभा राहिला. ग्रिअर्सन यांच्या संपादनाखाली झालेल्या भारतीय भाषासर्वेक्षणात मराठीचा खंड सातवा. पण खानदेशी त्यात नाही. ती १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली बोलींच्या सोबतीने बसविली आहे आणि तिचे नाते गुजराती-राजस्थानी बाजूशी जोडले आहे. मराठी अभ्यासकांपैकी अनेकांना हे मान्य नाही. ते तिला मराठीचीच बोली मानतात. माझ्या मते शाळकरी निबंधाने या वादात निवाडा देण्याच्या भरीस पडू नये. दोन्ही बाजू कोणत्या पुराव्यावर उभ्या आहेत एवढे समजले तरी फार झाले.

विद्यार्थ्याला पेलेल असा एक प्रश्न मात्र जनगणनेच्या आकड्यांतूनच निघतो. जनगणनेत अहिराणीची गणना मराठीखाली होत नाही; ‘खानदेशी’ या वेगळ्या शीर्षकाखाली होते. १९९१ साली त्या शीर्षकाखाली सुमारे ९.७ लाख लोक नोंदले गेले, २००१ साली सुमारे २०.७ लाख, आणि २०११ साली सुमारे १८.६ लाख. दहा वर्षांत संख्या दुपटीहून अधिक होते आणि पुढील दहा वर्षांत ती दोन लाखांनी घटते, हे जन्ममृत्यूंनी होणारे काम नव्हे. बदलले आहे ते प्रगणकाला दिलेले उत्तर आणि त्याची झालेली नोंद. घरात ‘मना पोऱ्या’ म्हणणारा गृहस्थ मातृभाषेच्या रकान्यात कधी ‘मराठी’ सांगतो, कधी ‘अहिराणी’. केव्हा काय सांगतो आणि का, हे आपल्या गल्लीतील वीस घरांतून विचारून पाहावे. वीस घरांचे उत्तर साऱ्या खानदेशाचे ठरत नाही, हे निबंधात लिहिले म्हणजे झाले.

दुसरा प्रश्न सीमेचा. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ अशी गावे सुरत-नागपूर हमरस्त्यावर ओळीने आहेत. धुळ्याकडे ‘मना’ ऐकू येते, भुसावळकडे येत नाही. हा बदल वाटेत कोठे तरी होत असला पाहिजे; पण तो एका गावाच्या वेशीवर एकदम होतो, की एकाच गावात एका जातीच्या घरी ‘मना’ आणि दुसरीच्या घरी ‘माझा’ असा शेजार असतो? मला दुसरी शक्यता अधिक संभवनीय वाटते, कारण या प्रदेशात बोली गावाइतकीच समाजालाही बांधलेली आहे: गुजरांची गुजरी निराळी, सातपुड्यातील पावरांची पावरी निराळी. पाच शाळांनी एकच प्रश्नावली घेऊन आपापल्या गावात काम केले, तर एका शैक्षणिक वर्षात या वाटेचा नकाशा हाती येईल. असा नकाशा काढण्यास पदवी लागत नाही; घरी कसे बोलतात ते ठाऊक असलेली मुले लागतात, आणि ती शाळांतून भरपूर आहेत.

पद्धतीविषयी थोडे. प्रश्न पाठ्यपुस्तकी मराठीत विचारला की आजी उत्तरही तशाच भाषेत द्यावयास बघते. म्हणून विचारणाऱ्याने घरच्या बोलीतच विचारावे. ‘याला अहिराणीत काय म्हणतात’ असे विचारण्यापेक्षा कानबाईच्या रोटांची तयारी कशी करतात, किंवा गेल्या वर्षी कापसाचे काय झाले, ते सांगावयास लावावे. बोलणे रंगले की भाषा आपोआप खरी होते. सांगणाऱ्याच्या परवानगीने ते भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करावे आणि नंतर ऐकून, ऐकले तसेच लिहावे. देवनागरी लिपी या कामाला पुरेशी आहे. मुलीला ‘आंडेर’ आणि मुलाला ‘आंडोर’ हे शब्द आजी वापरते काय, आई वापरते काय, आणि लिहिणारी मुलगी स्वतः वापरते काय, एवढे तीन रकाने भरले तरी तीन पिढ्यांतील फरक डोळ्यांपुढे येतो.

शिक्षकांना मात्र एक विनंती करावीशी वाटते. अशा वहीतील ‘मना’ खोडून त्यावर तांबड्या शाईने ‘माझा’ लिहिलेले मी अनेकदा पाहिले आहे. हेतू चांगलाच असतो. पण त्या एका फटकाऱ्यात पुरावा नष्ट होतो, आणि मुलाच्या मनावर बिंबते ते असे की घरी आई बोलते ती भाषा नव्हे, ती चूक आहे. पुढे हाच मुलगा आपल्याच निबंधात ‘अहिराणी ही अशुद्ध मराठी आहे’ असे वाक्य लिहितो आणि त्याला ते खटकतही नाही. वस्तुतः ‘करस’ला ‘करतो’इतकाच पक्का नियम आहे. प्रमाणभाषा शिकविणे हे शाळेचे कर्तव्य आहे आणि त्यात ढिलाई नको. परंतु उताऱ्यातील चूक आणि टिपणातील नोंद या दोन भिन्न वस्तू आहेत.

साधनांची उणीव नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी अखेरचा काळ धुळ्यास घालविला आणि १९२६ च्या अखेरीस ते तेथेच वारले; त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ पुढील वर्षी धुळ्यास स्थापन झाले. शब्दांच्या व्युत्पत्तींवरील त्यांचा कोश याच मंडळाने काढला. डॉ. रमेश सूर्यवंशी यांचा अहिराणी शब्दकोश उपलब्ध आहे. विद्यार्थ्याने त्यातून शब्द उतरवून घेऊ नयेत. आपण गावात टिपलेला शब्द त्यात आहे काय ते पाहावे, असल्यास अर्थ जुळतो काय ते तपासावे, आणि नसल्यास तो शब्द, सांगणाऱ्याचे वय, गाव व तो कोणत्या कामाच्या संदर्भात आला हे वेगळ्या पानावर लिहून ठेवावे. सांगणाऱ्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही.