आधी दुकानातला माल बांधा!

२१ मार्च २०२४ रोजी, रमजानच्या दहाव्या रोज्याच्या सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा धक्का बसला. परभणी व नांदेड जिल्ह्यांतही जमीन हादरली. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी पुन्हा ४.५ चा धक्का आला. सुदैवाने या वेळी बाजार बंद असतो. असा धक्का ईदच्या तोंडावर, कापडाची दुकाने गिऱ्हाइकांनी भरलेली असताना बसला तर? पालमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी याचा विचार आजच करावा.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. किल्लारी-सास्तूर परिसरात आठ-दहा हजार माणसे गेली. धक्का मोठा होताच. पण बहुतेक जीव घेतले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदावरच्या मातीच्या ओझ्याने. ज्यांचे दुकान अशा जुन्या इमारतीत आहे, त्यांनी गळती थांबवण्यासाठी मातीवर माती टाकत जाऊ नये. भिंत फुगली किंवा भेग रुंदावली तर जाणत्या गवंड्याला वा अभियंत्याला दाखवावी. दुरुस्ती करताना भिंतीचे आतले व बाहेरचे थर जोडणारे आरपार दगड घालून घ्यावेत.

पक्क्या दुकानात धोका मालाचा. जड माल खाली व हलका वर ठेवा. रॅक आणि कपाटे भिंतीला क्लँपने आवळा. गल्ल्याच्या डोक्यावर जड डबे नकोत. वेल्डिंगवाल्यांनी उभी सिलिंडरे साखळीने बांधावीत. बेकरी-हॉटेलात गॅस कुठे बंद करायचा, हे कामावरच्या पोरालाही ठाऊक हवे. दारात माल मांडून वाट अडवू नये.

धक्का बसताच पक्क्या इमारतीत धावपळ करू नका. मजबूत टेबलाखाली बसा, डोके झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. काच व रॅकपासून दूर राहा. दगडमातीच्या इमारतीत दाराजवळ असाल तर लगेच मोकळ्या जागेत जा. गल्लीत भिंतीलगत किंवा छज्जाखाली थांबू नका. धक्का थांबल्यावर गॅस व विजेचा मेन स्विच बंद करून सर्वांना बाहेर काढा. गल्ला आणायला परत आत शिरू नका. दुसरा धक्का केव्हाही येतो.

विम्याचा कागदही वाचा. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या व्यवसायांसाठी २०२१ पासून आलेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत भूकंप समाविष्ट आहे. जुन्या पॉलिसीत तो आहे का, हे एजंटाला विचारा. उधारीच्या वहीची एक प्रत घरी ठेवा.

रॅकला क्लँप ठोकायला एक दुपार पुरते. येत्या सुटीच्या दिवशी हे काम उरकून टाका.