चुकीची एक आज्ञा आणि चार तासांचा खोळंबा

२८ फेब्रुवारी २०१७ चा दिवस. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे ९ वाजून ३७ मिनिटे झाली होती. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. ॲमेझॉन कंपनीच्या ‘एस-३’ या इंटरनेटवरील साठवण सेवेत बिलांचे काम रेंगाळत होते. कारण शोधताना एका कर्मचाऱ्याने व्हर्जिनिया राज्यातल्या केंद्रांमधले थोडे सर्व्हर बंद करण्याची आज्ञा दिली. तसा अधिकार होता, रीतही नेहमीचीच. फक्त टाइप करताना एक चूक झाली आणि थोड्यांऐवजी पुष्कळ सर्व्हर बंद झाले. पाहता पाहता ट्रेलो, क्वोरा अशा कितीतरी संकेतस्थळांचे काम अडले.

मुळात चालू सर्व्हर बंद करायचाच कशाला, असे कुणालाही वाटेल. पण ही रोजचीच गोष्ट आहे. आपण इंटरनेटवर ठेवलेला फोटो कुठल्यातरी एकाच यंत्रात पडून असतो असे वाटते. प्रत्यक्षात असंख्य यंत्रे जोडून त्यांचा एक सामायिक ताफा केलेला असतो. त्यातल्या प्रत्येक यंत्राला नोड म्हणतात. ग्राहकाला मात्र सगळे मिळून एकच भासते. पंगतीत पानात वरण पडल्याशी आपल्याला मतलब. वाढायला कोण आले हे कोण पाहतो? म्हणूनच एखादे यंत्र दुरुस्तीसाठी बाजूला काढता येते. आधी त्याच्याकडे नवे काम पाठवणे थांबवायचे, हातातले काम पुरे होऊ द्यायचे किंवा दुसऱ्या यंत्राकडे सोपवायचे आणि मगच ते ताफ्यातून वगळायचे. दुरुस्तीनंतर तपासून पुन्हा जोडायचे.

पण वाढपीच एकदम उठून गेले तर? इथे त्याहून वाईट घडले. कोणती वस्तू कुठे ठेवली आहे याची नोंद सांभाळणारी यंत्रणाच कोलमडली. कोठीघर भरलेले, पण डबा कुठे आहे हे सांगणारे कुणी नाही! ती यंत्रणा पूर्णपणे नव्याने सुरू करावी लागली. मोठ्या केंद्रांत हे काम कित्येक वर्षांत झालेच नव्हते. मधल्या काळात सेवेचा पसारा अफाट वाढला होता, त्यामुळे तपासणी लांबत गेली. सारे सुरळीत व्हायला तिथल्या दुपारचे १ वाजून ५४ मिनिटे झाली.

गंमत म्हणजे, कोणती सेवा चालू आणि कोणती बंद हे दाखवणारा कंपनीचा फलकही याच सेवेवर अवलंबून होता. पहिले दोन तास त्यावरची स्थिती बदलता येईना. ग्राहकांना ट्विटरवरून कळवावे लागले.

नंतर कंपनीने जाहीर निवेदन काढून माफी मागितली. त्यात कर्मचाऱ्याचे नाव नव्हते. बोट ठेवले होते ते एवढी यंत्रे इतक्या झटकन काढू देणाऱ्या साधनावर, आणि ते योग्यच झाले. आता ते साधन यंत्रे सावकाश काढते आणि ताफा किमान गरजेच्या खाली जाणार असेल तर आज्ञाच मानत नाही. फलकही वेगवेगळ्या विभागांतून चालेल अशी सोय करण्यात आली.