टेलिफोनच्या लाइनी किती असाव्या?

पेढीचा व्याप वाढला, कीं टेलिफोनच्या बाहेरच्या लाइनी किती घ्याव्या, हा प्रश्न उभा राहतो. गर्दीच्या एका तासांत १०० संभाषणें, प्रत्येक सरासरी ३ मिनिटांचें, म्हणजे ३०० मिनिटें. तेव्हां ५ लाइनी पुरेत, असें त्रैराशिक सांगतें. परंतु गिऱ्हाइकें ठरवून एकामागून एक येत नाहींत. कधीं सामसूम, तर कधीं झुंबड. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील गणितज्ञ एर्लांग यांनीं १९१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या सूत्राप्रमाणें ५ लाइनींवर शंभरांपैकीं सुमारें २८ जण विन्मुख परततात. ११ असल्यास जेमतेम एक. मात्र संभाषणें दुप्पट झालीं, तरी तेवढ्याच सोयीसाठीं २२ नव्हे, १८ लाइनीच पुरतात. कारण समुदाय मोठा झाला, कीं चढउतार परस्परांस सांवरून घेतात. केवळ सरासरीवर विसंबणारी पेढी गिऱ्हाईक गमावते, आणि सरसकट दुप्पट करणारी पैसा.