एकच एसी, उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब

भिंतीवर एक लांबट पेटी, बाहेर गॅलरीत किंवा सज्जावर पंख्याची दुसरी पेटी आणि दोघींना जोडणाऱ्या तांब्याच्या दोन नळ्या. स्प्लिट एसीची ही रचना आता आपल्या ओळखीची आहे. मोठ्या कचेऱ्यांतल्यासारखे छतातून फिरवलेले हवेचे डक्ट याला लागत नाहीत, म्हणून राहत्या घरात तो सहज बसतो. याच यंत्राचा एक प्रकार हिवाळ्यात खोली गरमही करतो. दुकानात त्याला ‘हॉट अँड कोल्ड’ म्हणतात, तर तांत्रिक भाषेत तो उष्णता पंप, म्हणजे हीट पंप. तो कसा चालतो, कसा निवडावा आणि बसवताना काय बिघडतं, हे क्रमाने पाहू. यातला बसवण्याचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. महागडं यंत्र अर्ध्या दिवसाच्या घाईच्या कामात कायमचं अधू झाल्याची उदाहरणं फार आहेत.

आधी तत्त्व समजून घेऊ. एसी थंडी तयार करत नाही, तो उष्णता एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी टाकतो. विहिरीवरचा पंप पाणी तयार करत नाही, खालचं पाणी वर चढवतो, तसंच हे. उष्णता आपणहून गरम जागेकडून थंड जागेकडेच जाते. तिला उलट्या दिशेने न्यायला वीज लागते.

हे वाहतुकीचं काम शीतक करतो. शीतक म्हणजे नळ्यांतून फिरणारा, सहज उकळणारा आणि सहज द्रव होणारा पदार्थ. बोलीभाषेत आपण त्याला नुसतं ‘गॅस’ म्हणतो. आज बहुतेक घरगुती एसींत आर-३२ असतो. वातावरणाच्या साध्या दाबाला तो उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो. उकळताना तो भोवतालची उष्णता शोषतो आणि पुन्हा द्रव होताना ती सोडतो.

आता त्याचा फेरा पाहा. खोलीतल्या पेटीत कॉइल असते, म्हणजे नागमोडी नळ्या आणि त्यांवर पातळ पत्र्यांची जाळी. तिच्यात शीतक उकळतो आणि खोलीची उष्णता घेतो. बाहेरच्या पेटीतला कॉम्प्रेसर त्याला दाबून जास्त गरम करतो. बाहेरच्या कॉइलमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो. मग एका अरुंद वाटेतून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि थंड होऊन तो पुन्हा आत येतो.

हॉट अँड कोल्ड यंत्रात एक भाग जास्तीचा असतो, तो म्हणजे चार तोंडांचा दिशाबदल व्हॉल्व्ह. रिमोटवर ‘हीट’ दाबलं की हा व्हॉल्व्ह सरकतो आणि फेरा उलटा फिरतो. आता बाहेरची कॉइल उष्णता शोषते आणि आतली ती सोडते.

बाहेर ८ अंश तापमान असताना तिथून उष्णता कशी मिळणार, असा प्रश्न आपल्याला पडेल. ८ अंशांच्या हवेतही भरपूर उष्णता असते. बाहेरच्या कॉइलमधला शीतक त्या हवेहूनही थंड ठेवलेला असतो, म्हणून उष्णता त्याच्याकडे जाते. अमेरिकेतल्या मेन राज्यात बर्फाळ हिवाळा असतो, तरी तिथे असे पंप मोठ्या संख्येने घराघरांत बसले आहेत. अतिथंड हवामानासाठी बनवलेली काही मॉडेल उणे २५ अंशांपर्यंत चालतात. मात्र बाहेरचा पारा जितका खाली जाईल, तितकी यंत्राची ताकद घटते आणि वीज जास्त लागते. बॉस्टन किंवा टोरांटोकडे राहणाऱ्या वाचकांनी यंत्र निवडताना फक्त नेहमीची क्षमता पाहू नये, आपल्याकडच्या कडाक्याच्या तापमानाला ती किती उरते तेही तपासावं.

विजेचा हिशेब इथेच कळतो. २,००० वॉटचा साधा हीटर एका तासात २ युनिट वीज घेतो आणि तेवढीच उष्णता देतो, त्याहून कणभरही जास्त नाही. चांगला हीट पंप आपल्याकडच्या हिवाळ्यात एका युनिटमागे तीन-चार युनिट उष्णता खोलीत आणून सोडतो, कारण वीज फक्त वाहतुकीला खर्च होते. शिवाय इथे काहीच जळत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपल्याने कार्बन मोनॉक्साइडमुळे माणसं दगावतात. ज्या घरात अजून तसं करतात, तिथे एवढं एक कारण मला पुरेसं वाटतं.

मग हे यंत्र प्रत्येकाने घ्यावं का? मुंबईत आणि कोकणपट्टीत ऊब देणाऱ्या यंत्राची गरज जवळपास नसते, तिथे साधा कूलिंगचा एसी पुरे. नाशिक जिल्ह्यातली गोष्ट वेगळी आहे. निफाड भागात पारा काही हिवाळ्यांत ५ अंशांच्याही खाली गेला आहे. नागपूर उन्हाळ्यात ४५ अंशांवर तापतं आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तिथे चांगलीच थंडी पडते. पुण्यातही घरात वृद्ध माणूस किंवा तान्हं बाळ असेल, तर उपयोग आहे. सगळ्या घरासाठी नको, त्यांच्या एका खोलीसाठी घ्या. बऱ्याच दुकानांत हॉट अँड कोल्ड मॉडेल ठेवलेलं नसतं आणि ‘तेच हेच’ म्हणून कूलिंगचा एसी दाखवतात. रिमोटवर ‘हीट’ हा पर्याय आहे की नाही, हे माहितीपत्रकाशी ताडून पाहा.

पुढचा टप्पा क्षमतेचा. एसीचा ‘टन’ यंत्राचं वजन सांगत नाही. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता उपसण्याची ताकद म्हणजे एक टन, अर्थात सुमारे ३.५ किलोवॉट. साधारण १२० चौरस फुटांपर्यंत एक टन आणि १८०पर्यंत दीड टन, हा विक्रेत्यांचा ढोबळ आडाखा. वरचा मजला, तापणारा स्लॅब, पश्चिमेची भिंत, मोठी काच, खोलीतली माणसं, हे सगळं त्यात मिळवावं लागतं. शांत बसलेला एक माणूसही सुमारे १०० वॉट उष्णता सोडतो.

‘जरा मोठाच घेऊ’ हा विचार चुकतो. गरजेपेक्षा मोठं यंत्र हवा पटकन गार करतं आणि मंदावतं किंवा बंद पडतं, त्यामुळे हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार पण ओलसर राहते. कोकणात आणि पावसाळ्यात हे फार जाणवतं.

आता लेबल. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या लेबलवरचे तारे आयएसईईआर या आकड्यावर ठरतात. हंगामभरात खोलीतून काढलेली उष्णता भागिले त्यासाठी लागलेली वीज, असा हा आकडा आहे. तो बाहेरच्या २४ ते ४३ अंश तापमानासाठी काढतात, म्हणजे फक्त कूलिंगचा असतो. हीटिंगबद्दल तारे काहीच सांगत नाहीत, त्यासाठी माहितीपत्रकातली हीटिंग क्षमता आणि त्यासाठी लागणारी वीज पाहावी लागते. लेबलवरचा वैधतेचा कालावधीही वाचा. निकष काही वर्षांनी कडक होतात आणि जुन्या साठ्यातले पाच तारे आजच्या पाचांइतके नसतात. इन्व्हर्टर यंत्र घेणं बरं. त्यात कॉम्प्रेसर गरजेनुसार वेग कमी-जास्त करतो, सारखा चालू-बंद होत नाही.

यंत्र घरी आलं की जागा ठरवायची. आतली पेटी छताला चिकटवू नका, ती वरून हवा ओढते. पुस्तिकेत सांगितलेलं अंतर सोडा. पलंगाच्या उशावर थेट झोत येणार नाही, असं पाहा. समोर कपाट किंवा जाड पडदा नको.

बाहेरच्या पेटीला मोकळी हवा हवी. नव्या इमारतींत ती अरुंद डक्टमध्ये, एकावर एक अशी कोंबतात. तिथे तिने फेकलेली गरम हवा फिरून तिच्याच तोंडी येते, मग ऐन मे महिन्यात यंत्र दमतं आणि बिल वाढतं. समोर जाळी, कुंड्या, कपड्यांची दोरी काही नको. समुद्राजवळ खारी हवा पत्र्याची जाळी खाते, तर उघड्या नाल्याजवळचे वायू तांब्याला भोकं पाडू शकतात. अशा ठिकाणी गंजरोधक थर दिलेली कॉइल घ्यावी. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. दुरुस्तीच्या माणसाला सुरक्षित उभं राहता येईल अशीच जागा निवडा. आठव्या मजल्यावर खिडकीबाहेर लोंबकळून कुणाला काम करावं लागू नये.

भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडायचं असतं. पाणी वाहून नेणारी ड्रेन नळीही सलग उतारावर हवी. मध्ये कुठे झोका पडला किंवा नळी वर चढली, की पाणी आत ठिबकतं आणि भिंत फुगते. काम संपल्यावर आतल्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतायला सांगा. ते लगेच बाहेर पडलं पाहिजे. हीटिंगच्या वेळी पाणी बाहेरच्या पेटीखाली पडतं, तेव्हा खालच्या शेजाऱ्यांच्या डोक्यावर ते जाणार नाही याचीही सोय करा.

आता नळ्या. या टप्प्यावर आपण स्वतः हजर राहा.

नळीचं टोक कर्ण्यासारखं रुंद करून नटाने आवळतात, त्याला फ्लेअर म्हणतात. टोक वाकडं, चिरलेलं किंवा धुळीने भरलेलं असेल, तर गळती तिथूनच सुरू होते. नट कमी आवळला तर गळतो, जास्त आवळला तर फ्लेअर फाटतो. म्हणून ठरावीक जोराने आवळणारा टॉर्क पाना वापरायचा असतो. दोन्ही नळ्यांवर वेगवेगळं फोमचं आवरण हवं. हीटिंगमध्ये जाड नळीतून गरम वायू आत येतो, ती उघडी राहिली तर ऊब वाटेतच जाते.

जोडणी झाल्यावर नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरून गळती तपासावी. सांध्यावर साबणाचं पाणी लावलं की बुडबुड्यांनी चोर सापडतो. त्यानंतर व्हॅक्यूम करायचं, म्हणजे पंप लावून नळ्यांतली सगळी हवा आणि ओल काढून घ्यायची. नेमकी हीच पायरी सर्वाधिक गाळली जाते. पंप आणायचा कंटाळा म्हणून यंत्रातलाच थोडा गॅस सोडून हवा ढकलून देतात. त्याने ओल आत राहते, तेलाशी मिसळून आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर हळूहळू आतून खराब होतो. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे आणि काही यंत्रांत वापरतात तो आर-२९०, म्हणजे प्रोपेन, चांगलाच ज्वलनशील आहे. त्यामुळे या पद्धतीत धोकाही आहे.

व्हॅक्यूम झालं की नाही, हे किती मिनिटं झाली यावर ठरत नाही, गेजवर ठरतं. चांगला मेकॅनिक ५०० मायक्रॉनपर्यंत दाब उतरवतो. मग पंप बंद करून थोडा वेळ थांबतो आणि काटा वर चढत नाही ना ते पाहतो. काटा चढला, तर ओल किंवा गळती शिल्लक आहे. एसी ठरवतानाच ‘व्हॅक्यूम पंप आणि गेज आणणार ना?’ असं विचारा. नळी ठरल्यापेक्षा लांब असेल, तर जास्तीचा गॅस पुस्तिकेप्रमाणे वजन करून भरावा लागतो, अंदाजाने नाही.

विजेसाठी मीटरबोर्डापासून वेगळी लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग हवं. वायर किती जाडीची लागेल, हे यंत्राच्या पुस्तिकेवरून इलेक्ट्रिशियनने ठरवावं. फ्रिजच्या सॉकेटला एक्स्टेन्शन लावून एसी चालवू नका.

वापर सोपा आहे. १ जानेवारी २०२० पासून स्टार-लेबल असलेल्या एसींची सुरुवातीची सेटिंग २४ अंश आहे. १८ लावल्याने खोली लवकर गार होत नाही, यंत्र फक्त जास्त वेळ जोरात चालतं. हिवाळ्यात २० ते २२ अंश पुरतात. गरम हवा वर चढते, म्हणून हीटिंगला पात्या खाली वळवा. सुरुवातीची काही मिनिटं पंखा फिरत नाही, कारण कॉइल तापेपर्यंत यंत्र गार हवा अंगावर सोडत नाही. खूप थंड आणि दमट रात्री बाहेरच्या कॉइलवर हिम धरतं. ते वितळवायला यंत्र थोडा वेळ फेरा उलटवतं. तेव्हा ऊब थांबते, बाहेरून वाफ आणि पाणी निघतं. हा बिघाड नाही. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, तेव्हा दिवसातून काही वेळ खिडकी उघडा.

देखभालीत हंगामात दर पंधरा दिवसांनी जाळी धुवा, हे काम आपलंच. वर्षातून एकदा दोन्ही कॉइल धुऊन घ्या. यंत्र दुसरीकडे न्यायचं असेल, तर गॅस बाहेरच्या पेटीत गोळा करून मगच नळ्या सोडवतात. हे काम शिकलेल्या माणसाकडूनच करवून घ्या. त्या वेळी कॉम्प्रेसरमध्ये हवा शिरली, तर स्फोट होऊ शकतो.

आणि गॅस. गाडीतल्या पेट्रोलप्रमाणे तो खर्च होत नाही. बंद नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. दर उन्हाळ्यात ‘गॅस भरावा लागेल’ असं सांगणारा माणूस एक तर गळती शोधत नाही, नाहीतर शोधायची इच्छा नसते. पुढच्या वेळी असं कुणी म्हणालं, तर आधी गळतीची जागा दाखवायला सांगा. ती बुजवून, व्हॅक्यूम करून, वजन करून गॅस भरणार असेल, तरच पैसे द्या.